लेकरं इंग्रजी बोलत नाहीत, तेव्हा आधी भीतीकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न मी नीट वाचला. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात तुम्ही नववी-दहावीला इंग्रजी शिकवता. वर्गात साठेक मुलं. काहींना लेखीत ८० पैकी ५५ पडतात, पण उभं करून दोन वाक्यं बोल म्हटलं की मान खाली. एक मुलगी तर तोंडीच्या दिवशी शाळेतच येत नाही. तुम्ही प्रेरणादायी भाषणांचे व्हिडिओ दाखवलेत, इंग्रजी आलं तरच नोकरी लागेल हे सांगून पाहिलंत, इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं तर पाच रुपये दंडही लावलात. आणि विचारलंय की, या मुलांना इंग्रजीची आवडच नाही, ती लावायची कशी?

आवड नाही हे मला पटत नाही. ज्याला आवड नाही तो पाठांतर करून ५५ गुण तरी कशाला मिळवेल? तोंडीला दांडी मारणाऱ्या मुलीला त्या परीक्षेची पर्वा आहे, म्हणूनच ती घरी थांबते. तुमच्या वर्गात भीती आहे, आणि ती बाहेरून अनास्थेसारखी दिसते. हा फरक महत्त्वाचा, कारण अनास्थेवरचे उपाय भीतीवर केले तर भीती वाढते. ‘इंग्रजी आलं नाही तर तुझं काही खरं नाही’ हे रोज ऐकणारं लेकरू उभं राहतं, तेव्हा त्याच्या लेखी दोन वाक्यांवर सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं असतं. त्याची जीभ टाळ्याला चिकटली तर नवल काय?

मी लातूर-अंबाजोगाई भागातल्या माध्यमिक शाळांमध्ये इंग्रजी शिकवत आले, आता शिक्षकांची प्रशिक्षणंही घेते. पुढे सांगते ते मराठी माध्यमाच्या, मोठ्या पटाच्या वर्गांच्या अनुभवावरून. शहरातल्या इंग्रजी शाळेला ते जसंच्या तसं लागू होणार नाही.

मुलं नेमकी कशाला भितात? टेक्सास विद्यापीठातल्या इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकी भाषा शिकणाऱ्यांची भीती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यांनी या भीतीशी जोडलेल्या तीन गोष्टी सांगितल्या: दुसऱ्याशी बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला काय म्हणतील याचा धसका. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, भाषेच्या वर्गातली भीती ही वेगळीच चीज आहे. एरवी बोलका असणारा मुलगाही तिथे मुका होतो. आपल्या वर्गांत मला तिसरं कारण सगळ्यात जड वाटतं. इंग्रजीची भीती म्हणतो ती बहुतेक वेळा हसण्याची भीती असते. एका मुलाला मी विचारलं होतं, येतंय तरी का बोलत नाहीस? तो म्हणाला, “मॅडम, ते हसायलेत.” खरं तर त्या क्षणी कुणीही हसत नव्हतं. पण कधीतरी हसले होते, आणि त्याला ते अजून ऐकू येत होतं.

आता याच मुलांना आठवडी बाजारात बघा. आपल्या मराठवाड्यात कुणालाही एका भाषेत राहून चालत नाही. निजामाच्या काळात शाळेत उर्दूचा वरचष्मा होता, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानातच होता, आणि त्या पिढीतली खेड्यातली माणसंही गरजेपुरती उर्दू सहज बोलत. आजही तुमच्या वर्गातला मुलगा बांगडीवाल्या चाचाशी, पंक्चरवाल्याशी दखनी हिंदीत बोलतो. तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी ही बंजारा बोली, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषा दिवसभरात वापरतं. त्या हिंदीत लिंग चुकतं, क्रियापद चुकतं, तरी कुणी अडखळत नाही. का? तिथे काम होण्याला महत्त्व असतं. भाव ठरला, सामान मिळालं, विषय संपला. चुकलेल्या शब्दाखाली कुणी लाल रेघ मारत नाही. भाषा शिकण्याची ताकद या लेकरांत आहेच, आणि बहुतेक पालकांना, शिक्षकांना ती दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ‘आपल्या पोरांना भाषा येत नाहीत’ हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोललं तर मी तिथल्या तिथे खोडून काढते. तुम्हीही मुलांना हे स्पष्ट सांगा: तुम्हाला दोन-तीन भाषा येतात, ही पुढची एक.

म्हणून पहिली विनंती, तो दंड उद्यापासून बंद करा. पाच रुपये वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे गप्प बसणं, आणि मुलं तेच करतात. मराठीची वर्गात गरज आहे. अवघड सूचना मराठीत द्या, आधी विचार मराठीत करू द्या, एखादा शब्द अडला तर तेवढा मराठीत बोलू द्या. ‘मॅडम, आय वेन्ट टू माय मामाज व्हिलेज, तिथे हुरडा पार्टी होती’ असं कुणी बोललं तर ते अर्धं इंग्रजी आहे, आणि कालपर्यंत ते शून्य होतं.

पण उपाय करण्याआधी एक तपासणी करायला हवी. न बोलणारी सगळी मुलं भीतीपोटीच गप्प आहेत असं धरून चालू नका. काहींना खरंच वाचता येत नाही. ओळखायचं कसं? त्या मुलाला मधल्या सुट्टीत, मित्र बरोबर घेऊन व्हरांड्यात बोलवा आणि वर्गात विचारलं होतं तेच सहज विचारा. तिथे तो मोडकंतोडकं का होईना बोलला, तर अडचण प्रेक्षकांची आहे. तिथेही अडला, तर त्याच्या हातात चौथी-पाचवीचं पुस्तक द्या आणि चार ओळी वाचायला सांगा. त्याचं नववीचं पुस्तकही उघडून बघा. अनेक मुलांच्या पुस्तकात इंग्रजी ओळींच्या वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात देवनागरी उच्चार लिहिलेले असतात. ‘वन्स देअर वॉज अ’ असं ओळीमागून ओळ. धडा वाचून दाखवायची वेळ आली की तो देवनागरी वाचतो, इंग्रजी नाही. हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पुस्तक डोळ्यांजवळ धरतो.

अशा मुलाला रागावू नका, ते उच्चार खोडायलाही लावू नका. त्यानं स्वतःच्या बळावर काढलेली ती वाट आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे नववीतलं लेकरू ही भाषा सलग नववं वर्ष शिकतंय. तरी वाचता येत नाही, याचं कारण बहुधा असं असतं की त्याला शब्दांचं स्पेलिंग पाठ करायला लावलं, अक्षरांचे आवाज कुणी शिकवलेच नाहीत. देवनागरीत ‘क’ नेहमी ‘क’च असतो. इंग्रजीतला ‘सी’ कॅटमध्ये एक आवाज काढतो आणि सिटीमध्ये दुसरा, नाइफमधला ‘के’ तर आवाजच काढत नाही. मराठीच्या सवयीनं वाचणाऱ्याला हा विश्वासघात वाटतो, आणि मोठ्यानं वाचताना तोंडघशी पडायची खात्री असते. या मुलांना रोज दहा मिनिटं वेगळी द्या. एकसारखे चालणारे शब्द एकत्र घ्या: लाइट, नाइट, राइट, फाइट. एक गट पक्का झाला की दुसरा. नववीच्या मुलाला ‘ए फॉर ॲपल’ दिलं तर त्याचा अपमान होतो, म्हणून शब्द त्याच्या जगातले घ्या. ट्रॅक्टरवरची नावं, मोबाइलच्या मेनूतले शब्द, खताच्या पोत्यावरचा मजकूर. त्याला जवळ बसवून एखादा शब्द स्वतःहून वाचला गेला की चेहरा बघा. आवड नावाची गोष्ट तिथून सुरू होते, आणि माझ्या पाहण्यात ती भाषणानं कधीच सुरू झालेली नाही.

आता ज्यांना येतं पण बोलवत नाही, त्यांच्याबद्दल. इथे मी सगळा जोर प्रेक्षक कमी करण्यावर देते. साठ जणांसमोर एकट्याला उभं करणं ही शेवटची पायरी आहे आणि आपण ती पहिली करतो. आधी लिहू द्या, दोनच वाक्यं. मग शेजारच्याला वाचून दाखवू द्या. मग वही मिटून शेजाऱ्यालाच सांगू द्या. मग जोडी बदला आणि तेच पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना वाक्य आपोआप सुधारलेलं असतं, हे मुलांनाही कळतं. साठ मुलं जोडीजोडीनं बोलू लागली की गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे सर येऊन डोकावतात. मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवा. त्या गोंगाटात तीस मुलं एकाच वेळी इंग्रजी बोलत असतात, आणि कुणाचंही कुणाला हसायला लक्ष नसतं.

विषय असा द्या की त्यात मुलांना खरोखर काही बोलायचं असेल. मी अनेकदा मोंढ्याचा, म्हणजे धान्याच्या बाजाराचा, विषय घेते. एक शेतकरी, एक आडत्या, सोयाबीनचा भाव. एका वर्गात मागच्या बाकावरचा, कधीच न बोलणारा मुलगा शेतकरी झाला होता. आडत्या झालेल्या मित्राला तो म्हणाला, “टुडे रेट डाऊन. आय नॉट सेल.” मी मधे पडून म्हटलं, “ओके, सो व्हेन विल यू सेल?” तो लगेच म्हणाला, “आफ्टर दिवाळी. माय हाऊस हॅव प्लेस.” घरात साठवायला जागा आहे, मला घाई नाही! आडत्या चिडला आणि ओलावा जास्त आहे म्हणून इंग्रजी-मराठीत भांडू लागला. आजूबाजूच्या जोड्या थांबून ऐकू लागल्या, आणि हसल्या त्या त्याच्या बिनतोड उत्तराला.

त्या क्षणी ‘आय नॉट सेल’ दुरुस्त केलं असतं तर तो मुलगा तिथेच बसला असता. मग चुका सोडून द्यायच्या का? नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच शिकणाऱ्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की शिक्षक बहुतेक वेळा मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणतात, आणि मुलांकडून दुरुस्ती मात्र त्यानं फारशी होत नाही. मुलालाच पुन्हा विचार करायला लावलं तर तो स्वतः सुधारतो. याचा मी माझ्यापुरता अर्थ असा लावला: बोलणं चालू असताना फक्त ऐकायचं, आणि चुका वहीत टिपायच्या. शेवटची पाच-सात मिनिटं राखून त्यातली तीन-चार वाक्यं फळ्यावर लिहायची, कुणाचं नाव न घेता, आणि विचारायचं की यात काय बदलावं लागेल. ‘आय नॉट सेल’ फळ्यावर आलं तेव्हा ‘आय वोन्ट सेल’ त्या मुलानंच सांगितलं. बाकी चुका त्या दिवशी तशाच राहू द्यायच्या. मुलाला एका तासाला एक सुधारणा पेलते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारे कमी होतात. आपल्या मुलाला तर प्रश्न समजून घ्यायचा, मराठीत उत्तर शोधायचं, मग शेवटी येणारं क्रियापद उचलून कर्त्याजवळ आणायचं. त्याला तीनही कमी पडतात. मी मनात दहा अंक मोजते. वर्गातली ती शांतता सुरुवातीला नकोशी वाटते, पण तेवढ्यात ‘बस खाली’ म्हणालात तर त्यानं जुळवलेलं वाक्य घशातच राहतं.

हसणाऱ्यांचं काय? पहिल्याच आठवड्यात याबद्दल वर्गाशी मोकळं बोला. हसणारी पोरंही बहुतेकदा स्वतःची पाळी येईल म्हणून घाबरलेली असतात. सगळ्यांसमोर त्यांना झापलं तर भीतीची जागा फक्त बदलते. तास संपल्यावर बाजूला घेऊन बोला, आणि पुढच्या वेळी हसणाऱ्यालाच कमी बोलणाऱ्या मुलाच्या जोडीला द्या.

त्या मुलीबद्दल मात्र सावकाश जा. आधी खात्री करा की कारण इंग्रजीच आहे. रस्त्यात कुणी त्रास देतंय का, पाळीच्या दिवसांची अडचण आहे का, घरी काही चाललंय का, हे एखाद्या बाईंनी विश्वासात घेऊन विचारावं. तुम्हीच विचारलंत तर उत्तम. भीती तोंडीचीच निघाली, तर आपल्या हातात बरंच आहे. दहावीच्या इंग्रजीचे १०० पैकी ८० गुण बोर्डाच्या लेखी परीक्षेचे आणि २० शाळेतच घेतल्या जाणाऱ्या तोंडी-श्रवणाचे. ते शाळेत घेतले जातात म्हणजे ती परीक्षा कोणत्या खोलीत, कुणाबरोबर, कुठल्या क्रमानं घ्यायची हे तुम्ही ठरवू शकता. तिला मैत्रिणीसोबत येऊ द्या. विषय दोन दिवस आधी सांगा. तिला आधी बोलवा, म्हणजे दिवसभर बाकावर बसून धडधड वाढणार नाही. मात्र पोट दुखणं, उलट्या, झोप न लागणं, शाळेत यायलाच नकार असं काही बरेच दिवस दिसत असेल, तर इंग्रजी बाजूला ठेवा आणि पालकांना भेटा. सरकारची टेलीमानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे पालकांना किंवा तुम्हालाही बोलता येतं.

आता प्रेरणेकडे येते. ‘इंग्रजीशिवाय नोकरी नाही’ हे मुलांना पटत नाही, कारण ते पूर्ण खरं नाही. तुमच्या गावात पहाटे रस्त्यावर पळणारी जी पोरं आहेत, त्यांची पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत होते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षासुद्धा मराठीतून देता येते. मुलांना हे माहीत असतं, मग आपलं बाकीचं बोलणंही त्यांना पोकळ वाटतं. त्यापेक्षा प्रत्येकाची गरज खरी खरी सांगा. अकरावी सायन्सला जाणाऱ्याला सांगा की तिथली पुस्तकं इंग्रजीत असतील, म्हणून आजपासून विज्ञानातले शंभर-दोनशे इंग्रजी शब्द ओळखीचे करून ठेवू. मराठी माध्यमातून लातूरला जाऊन पहिल्या महिन्यात खचलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना भौतिकशास्त्र समजत होतं, शब्द समजत नव्हते. तलाठी भरतीचं डोक्यात असलेल्याला सांगा की तिथे इंग्रजीचे प्रश्न असतात. शेतीच करणाऱ्याला औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचता यायला हवं.

झोल्तान डोर्नेई या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकानं २००५ मध्ये मांडलं की शिकणाऱ्याच्या मनात भविष्यातल्या स्वतःची दोन चित्रं असतात. एक, आपल्याला जसं व्हायचंय ते. दुसरं, लोकांच्या अपेक्षेपायी जसं व्हावं लागेल ते. आपण मुलांना सतत दुसरं चित्र दाखवतो, बापाचे कष्ट, घरची परिस्थिती. कष्ट खरे आहेत, पण इंग्रजीच्या तासाला त्यांचं ओझं दिलं की तोंड उघडत नाही. पहिलं चित्र मुलाला स्वतःला काढू द्या. दूरची माणसं दाखवण्याऐवजी गावातलीच, चार-सहा वर्षं पुढे गेलेली मुलगी वर्गात बोलवा. पुण्यात नर्सिंग करणारी, बँकेत लागलेली, कुणीही. तिला भाषण करायला लावू नका. पहिल्यांदा इंग्रजीत बोलायची वेळ कशी आली, काय अडलं, मग कसं निभावलं, एवढं मुलांना विचारू द्या.

किती दिवसांत फरक दिसेल ते वर्गावर अवलंबून आहे. जोडीतली कुजबुज पहिल्या पंधरवड्यातच सुरू होते. सगळ्यांसमोर बोलणं काहींच्या बाबतीत वर्ष संपेपर्यंत होणार नाही, आणि त्यासाठी त्यांना ढकलायची गरज नाही. तुमच्या भागातून ऊसतोडीला टोळ्या जात असतील, तर दसरा-दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतील आणि मार्च-एप्रिलमध्ये ती लेकरं परत येतील तेव्हा पुस्तक खूप पुढे गेलेलं असेल. हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते मुख्याध्यापकांशी आताच बोला. जी जाणारच, त्यांना जाताना एक छोटी वही द्या, रोज तीन ओळी लिहायला. कारखान्यावर काय पाहिलं, काय खाल्लं, कोण भेटलं. परत आल्यावर त्याच वहीतून जोडीला बोलू द्या, सुटलेल्या धड्यांवरून सुरुवात करू नका.

सोमवारी सुरू करणार असाल तर फक्त दोनच गोष्टी करा: दंड बंद झाल्याचं सांगा आणि दहा मिनिटं जोड्यांचं बोलणं घ्या. व्हरांड्यातली वाचनाची तपासणी आठवडाभरात उरका. वाचता न येणारी किती निघाली आणि ती कुठल्या टप्प्यावर अडतात ते मला कळवा. अक्षरांवरच अडणारी असतील आणि शब्द वाचून वाक्यात अडणारी असतील, तर दोघांसाठी रोजच्या दहा मिनिटांचा आराखडा वेगळा करावा लागेल, तो मी लिहून देते.